कोलंबोला स्टूल लागतं

जगात आपल्याला सगळ्यात जवळचा देश जर्मनी आणि सगळ्यात लांबचा श्रीलंका, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात एक्स्पोर्ट क्लार्क म्हणून लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या पेंटरांनी हे ज्ञान मला फुकट दिलं.

आमच्या कारखान्यातून रंगाच्या भुकटीचे ड्रम परदेशी जायचे. प्रत्येक ड्रमवर तो ज्या बंदराला जाणार त्याचं नाव, वजन आणि नंबर काळ्या रंगात छापावा लागे. त्यासाठी पातळ पत्र्यातून इंग्रजी अक्षरं कातरून काढलेली असत. पत्रा ड्रमवर धरायचा, वरून ब्रश फिरवायचा, की नाव उमटलं. हे पत्रे कातरणारे आणि ब्रश फिरवणारे ते पेंटर. मस्टरवर त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच उपयोगी पडे. एरवी मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते पेंटर. मूळचे महाडकडचे, राहायला शिरवण्यात भाड्याच्या खोलीत. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, आणि उजव्या हाताची बोटं कायमची काळी. जेवायला बसले की डाव्या हाताच्या स्वच्छ बोटांकडे जरा रागाने बघायचे, ती काम करत नाहीत म्हणून.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत बंदराचं नाव लिहून द्यायचं आणि ते त्यांनी चित्र काढावं तसं पत्र्यावर उतरवून घ्यायचं, अशी रीत होती. एकदा मी घाईत एका अक्षराची शेपटी जास्त ओढली, तर त्यांनी ती शेपटीही इमानदारीने कातरली. पन्नास ड्रम त्या शेपटीसकट रॉटरडॅमला गेले. तिथल्या कुणी तक्रार केली नाही, म्हणून पुढे कित्येक वर्षं आम्ही ती शेपटी तशीच ठेवली.

गोदामाच्या एका भिंतीवर खिळे ठोकून त्यांनी हे सगळे पत्रे टांगून ठेवले होते. शे-सव्वाशे तरी असतील. रोज लागणारे हाताशी, कधीमधी लागणारे वर, आणि वर्षात एकदा लागणारे पार छताखाली. हँबर्गला महिन्यातून चार वेळा माल जाई, म्हणून हँबर्ग बरोबर छातीच्या उंचीवर. कोलंबोला वर्षातून एकदा, तेही दिवाळीच्या आसपास.

नवीन नोकरीतला उत्साह म्हणून मी एकदा थट्टेत विचारलं, "पेंटर, कोलंबो किती लांब असेल हो?"

त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं, अंदाज घेतला आणि म्हणाले, "लांबच हाय. स्टूल लागतं."

मला हसू आलं. पण पेंटर विनोद करत नव्हते. त्यांच्या लेखी जग म्हणजे ती भिंत होती, आणि त्या भिंतीवर त्यांचा हात पोचत होता तेवढं जग जवळचं. त्यांच्या जगाला आणखीही काही नियम होते. गाव किती मोठं ते अक्षरांवरून ठरायचं. लंडनची अक्षरं सहा आणि मोंबासाची सात, म्हणजे मोंबासा लंडनपेक्षा थोडं मोठं. एडनची चारच, म्हणजे वाडी असावी. दार-ए-सलाम एका पत्र्यावर मावायचं नाही, त्याला दोन ओळी लागत. "ते तालुक्याचं गाव असंल," असं ते म्हणायचे. लोकांचा स्वभाव मात्र तक्रारीच्या पत्रांवरून. हँबर्गच्या एका गिऱ्हाइकाने रंगाची छटा जुळत नाही म्हणून वीस ड्रम परत पाठवले होते, त्या दिवसापासून पेंटरांचा जर्मन लोकांवर राग. उलट लागोसहून कधी एक ओळ तक्रारीची आली नाही. "लागोसवाले सज्जन," हे त्यांचं मत. "गरीब असतील, पन खानदानी."

मी हे सगळं घरी रंगवून सांगायचो आणि आमच्याकडे सगळे पोट धरून हसायचे. मी स्वतः किती शहाणा होतो ते सांगायला हरकत नाही. रोज तीस देशांची नावं मी टाइपरायटरवर बडवत होतो, आणि त्यांतले तीन देश नकाशावर दाखव म्हटलं असतं तर मला घाम फुटला असता. पण माझ्याकडे टाइपरायटर होता आणि पेंटरांकडे ब्रश, म्हणून हसायचा हक्क माझा. त्या वयात एवढा हिशेब पुरतो.

एकदा त्या हँबर्गच्या गिऱ्हाइकाचा माणूस खुद्द कारखाना बघायला आला. लालबुंद, उंच, घामाने भिजलेला. आमच्या मॅनेजरसाहेबांनी त्याला गोदामात आणला तेव्हा भिंतीवर आपल्या गावाचं नाव बघून तो इतका खूश झाला की त्याने पत्र्याचा फोटो काढला. पेंटर कोपऱ्यात उभे राहून त्याला खालून वर न्याहाळत होते. मग त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "त्याला विचारा, वीस ड्रम परत का पाठवलं."

मी अर्थातच विचारलं नाही. तुमचं गाव कसं आहे ते विचारतायत, असं काहीतरी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या जर्मन साहेबाने हौसेने आपल्या गावाची माहिती दिली आणि उलट पेंटरांना त्यांचं गाव विचारलं. पेंटर म्हणाले, "महाड." साहेबाने डोळे बारीक केले, आठवून बघितलं आणि विचारलं, "कलकत्त्याजवळ?"

मी मराठीत सांगितल्यावर पेंटरांचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून त्यांचा जर्मन लोकांवरचा राग पुष्कळ कमी झाला. "एवढा मोठा सायेब," ते ज्याला त्याला सांगत, "पन त्याला महाड म्हाईत नाय. आमी निदान हँबर्ग ऐकून तरी हाय."

पेंटरांना एकच मुलगी. मुंबईत नर्सिंगचं शिक्षण घेऊन ती वाशीच्या एका दवाखान्यात कामाला लागली होती. बापासारखीच काटक, पण बोलायला एकदम फटकळ. डबा विसरला म्हणून एकदा गेटवर द्यायला आली होती, तेव्हा वॉचमनने नाव विचारलं तर म्हणाली, "डब्याचं की माझं?" त्या काळात नर्सेसना बाहेरच्या देशांत मोठी मागणी होती. हिने कुठल्यातरी एजंटाकडे मुलाखत दिली आणि एक दिवस पत्र आलं. दोन वर्षांचा करार, राहायची सोय, पगार इथल्या पाचपट. गाव रियाध.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात ते पत्र, चार घड्या घातलेलं.

"हे गाव आपल्याकडं नाय," ते म्हणाले.

"आपल्याकडे म्हणजे?"

"भिंतीवर. रातभर आठवून बघितलं. जेद्दा हाय, दम्माम हाय. रियाध नाय. आपला ड्रम जात नाय तितं पोरीला कशी धाडू?"

मी सांगितलं, सगळीच गावं बंदरं नसतात, काही आत असतात. ते त्यांना पटलं, कारण महाडही आत होतं. पण मग पुढचा प्रश्न आला: आत म्हणजे कुठे? सोमवारपर्यंत मुलीला सही करून कागद परत द्यायचे होते. पेंटरांनी घरी जाहीर करून टाकलं होतं की पोरगी नेमकी कुठे असणार ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पैसा नको, पाचपट नको, दहापट नको. आधी जागा दाखवा.

मुलगी आईला म्हणाली होती, "बाबांना सांग, टेन्शन घेऊ नका. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागतो, विमानवाल्याला नाय. त्याला माहीत असतं." पण तिलाही ठाऊक नव्हतं, एजंटालाही नव्हतं. एजंटाने म्हणे हात वर करून सांगितलं, "अडीच-तीन तासांवर आहे."

मग पेंटरांनी कारखान्यात चौकशी सुरू केली. त्यांचं एक तत्त्व होतं, विचारायचं तर इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला विचारायचं. पहिले आमचे डिस्पॅच ऑफिसर. ते म्हणाले, "रियाध म्हणजे दुबईच की. दुबईतलाच एक एरिया." यात त्यांचाही फार दोष नव्हता. त्या दिवसांत आमच्याकडे मस्कतला गेलेला माणूस दुबईला गेलेला असे, कुवेतला गेलेला दुबईला, आणि एक तर नुसताच पनवेलला सासुरवाडीला जाऊन राहिला होता, तोही वर्षभर दुबईलाच होता. दुसरे, मंगळवारी येणारे कारखान्याचे डॉक्टर. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून विचार केला आणि आफ्रिकेत असल्याचं सांगितलं. शिवाय हिवतापाच्या गोळ्या बरोबर न्यायला सांगितल्या. तिसरे युनियनचे पुढारी. ते म्हणाले, "तिथं तेल निघतं ना? जिथं तेल तिथं अमेरिका. म्हणजे अमेरिकेला लागूनच समजा." यानंतर त्यांनी तेलाच्या राजकारणावर पाऊण तास भाषण केलं आणि चहाची सुट्टी वाया गेली म्हणून चार कामगार पेंटरांवर चिडले.

शनिवारी पेंटर पुन्हा माझ्यापुढे उभे. बिचाऱ्यांची झोप उडालेली दिसत होती.

"एक म्हनतो दुबईत, एक म्हनतो आफ्रिकेत, एक म्हनतो अमेरिकेच्या शेजारी. एवढं हलतं गाव मी आजवर बघितलं नाय. आता तुमी सांगा."

"सौदी अरेबियात," मी म्हणालो. पत्रावर तसं लिहिलंच होतं.

"आन ती कुटं?"

"अरबस्तानात."

"आन ते?"

इथे माझा भूगोल संपला. पण आठवडाभर मी त्या ऑफिसराला, डॉक्टरला आणि पुढाऱ्याला मनातल्या मनात हसत होतो, आता माघार कशी घेणार? मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता. साहेब दिल्लीला गेले होते. मी पेंटरांना म्हणालो, "चला, दाखवतोच."

केबिनमध्ये त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. नकाशापुढे हात मागे बांधून उभे राहिले. मी आधी मुंबई शोधली, ती सापडली. मग बोट इकडेतिकडे फिरवत, ओठांत नावं वाचत, दहा मिनिटांनी रियाध सापडलं. मला इतका आनंद झाला की मी भिंतीवर थाप मारली.

पेंटरांनी मधे बोटं ठेवून मोजलं. पाच बोटं भरली. "आन मुंबई ते महाड?"

मी त्यांचं बोट धरून मुंबईवर ठेवलं. "हे बघा. मुंबई, वाशी, शिरवणं, आपला कारखाना, पनवेल, महाड, सगळं या एका बोटाखाली."

ते त्या काळ्या बोटाकडे बघत राहिले. बोट उचलून खाली बघितलं, पुन्हा ठेवलं. त्यांचा जन्म, लग्न, नोकरी, सगळी ये-जा त्या बोटाखाली झाली होती आणि मुलगी पाच बोटं लांब चालली होती. त्यांना हे दाखवायला नको होतं, असं मला वाटलं.

"जागा कळली," शेवटी ते म्हणाले. "आता बाजू सांगा."

"बाजू?"

मग त्यांनी सांगितलं. ते सोळाव्या वर्षी गाव सोडून मुंबईला आले तेव्हा त्यांच्या आईने गावच्या मास्तरांना मुंबईची दिशा विचारून घेतली होती. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती अंगणाच्या त्या टोकाला जाऊन, मुंबईकडे तोंड करून मुलाशी बोलायची. आज काय शिजवलं, शेळी व्याली की नाही, कोण आजारी. आई मरेपर्यंत हे चाललं. "मला कदी ऐकू आलं नाय," पेंटर म्हणाले, "पन तिचं बोलून व्हायाचं. आन बाजू बराबर पायजे. उगा भलतीकडं तोंड करून बोलन्यात काय अर्थ?"

म्हणजे या माणसाला नकाशा नकोच होता. मुलगी गेल्यावर संध्याकाळी कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ते कळलं की ते हो म्हणणार होते.

नकाशावर अरबस्तान हिंदुस्थानच्या डावीकडे होतं. केबिनच्या डाव्या बाजूला मोठी खिडकी होती आणि खिडकीतून पारसिकचे डोंगर दिसत. मी छातीठोकपणे त्या खिडकीकडे हात केला. "ही बाजू. डोंगराच्या पलीकडे, सरळ."

पेंटर खिडकीपाशी गेले. डोंगर नीट बघून घेतला. "बरं झालं," ते म्हणाले. "वळखीचा हाय."

सोमवारी कागदांवर सही झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. दारातच नवीन पत्र्याची ट्रंक. तिच्या चारी बाजूंना पेंटरांनी आपल्या हाताने कातरलेल्या अक्षरांत रियाध छापलं होतं. खाली एकूण वजन, निव्वळ वजन, वरची बाजू दाखवणारा बाण, ओलाव्यापासून जपा म्हणून छत्रीचं चित्र. मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. "सर, तुमीच सांगा बाबांना. लोकं म्हणतील, नर्स आली की रंग आला?"

"पन हरवनार नाय," पेंटर शांतपणे म्हणाले.

मी ट्रंकेभोवती फिरून बघितलं. आमच्या ड्रमांवर नंबर असायचे, पन्नासातला पहिला, पन्नासातला दुसरा. ट्रंकेवरही नंबर होता. एकातला एक. हसू येत होतं ते तिथेच थांबलं. मी निरोपादाखल नेलेली पेढ्यांची पुडी तिच्या आईच्या हातात दिली आणि लगेच निघालो.

महिन्याभराने तिचं पहिलं पत्र आलं. तिकडच्या कस्टमवाल्यांनी रंग समजून ट्रंक उघडली होती आणि आत पापड, मेतकूट आणि सुकटीची चटणी सापडली. सुकटीचा वास घेऊन त्यांनी ट्रंक लगेच बंद केली. तिथल्या केरळच्या मुली म्हणे तिला ट्रंकेवरूनच ओळखतात. पेंटरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर रोज पाचच्या चहाला ते गोदामाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. हातात कप, तोंड डोंगराकडे. माझ्या खिडकीतून दिसायचे. ओठ हलत. काय सांगत, ते कधीमधी मलाच ऐकवायचे. आज आईनं बोंबील केलं, तुझी आठवन काढली. नळाला तीन दिस पानी नाय. नेरूळला नवीन बिल्डिंगी उठल्या, तू यशील तवा रस्ता सापडायचा नाय. विहारात पौर्णिमेला तुझं नाव घेतलं. भिंतीवर त्यांनी रियाधचाही पत्रा टांगला होता, आपला एक ड्रम तिकडे जात नसताना. तो हँबर्गच्या शेजारी होता, हाताशी.

दोन वर्षं संपत आली तेव्हा तिचं पत्र आलं की करार आणखी दोन वर्षं वाढवला आहे. संध्याकाळी पेंटर मला म्हणाले, "रोज सांगतो तिला, आता ये म्हनून. लई दिस झालं सांगतोय. ऐकत नाय."

मी म्हणालो, येईल, तिलाही तुमची आठवण येत असणारच. असल्या वेळी जे बोलतात ते सगळं बोललो.

पुढच्याच आठवड्यात मोंबासाचा ट्रक निघताना एका ड्रमचा नंबर कागदाशी जुळेना म्हणून मी पाच वाजता गोदामाच्या मागे गेलो. त्या वेळी तिकडे मी कधी जात नसे. मागच्या कोपऱ्यात आमचे लोडिंगचे मुकादम गोणपाट अंथरून नमाज पढत होते. श्रीवर्धनकडचे वयस्क मुसलमान, कमी बोलणारे. गोदामाच्या पुढच्या कोपऱ्यावर पेंटर उभे होते, ओठ हलवत. मुकादमांचं तोंड खाडीकडे, पेंटरांचं डोंगराकडे. दोघांची एकमेकांकडे पाठ.

मुकादमांचं आटोपल्यावर मी आपलं सहज विचारलं, "मुकादम, खाडीकडे तोंड करून का?"

"खाडीकडं नाय साहेब. मक्केकडं."

"मक्का तिकडे आहे?"

"मग कुठं असनार?"

"आणि मक्का कुठल्या देशात?"

मी थट्टा करतोय का ते त्यांनी आधी बघून घेतलं. "सौदीत."

"आणि रियाध?"

"ते पन तिकडंच, जरा आत. आमचा चुलता बोटीनं हजला गेलेला, इथनं मावळतीला."

"मग तुम्ही पेंटरांना सांगितलं का नाही? ते दोन वर्षं डोंगराकडे बघून मुलीशी बोलतायत."

मुकादमांनी वळून पेंटरांकडे बघितलं. "मला कोन विचारतो, साहेब? आन मला वाटायचं, सुरुंग बघतो. पाचला डोंगरातल्या खानीत सुरुंग लावतात ना. तोंड हलतं ते म्हटलं तंबाखूचं."

मी ड्रमचा नंबर न बघताच परत आलो आणि थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये डोकावलो. नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर टांगलेला होता. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात पूर्वेला. भारतातल्या प्रत्येक चौथीतल्या मुलाला ठाऊक असतं की नकाशात डावीकडे पश्चिम असते, आणि मी त्या माणसाला भिंतीवरची डावी बाजू दाखवून मोकळा झालो होतो. बरं, नकाशाही राहू दे. त्या समुद्राचं नाव मी लहानपणापासून घोकत आलो होतो. अरबी समुद्र. त्याच्या पलीकडे अरब राहत असतील अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती.

दोन दिवस मी सांगितलं नाही. मला मनापासून लाज वाटत होती. त्यांचं बोलून होतंय, मग कुठल्या का बाजूला होईना, अशीही मी स्वतःची समजूत घातली. पण पाच वाजता ते कप घेऊन कोपऱ्याकडे निघाले की मला खिडकीत बसवेना. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग गेलो.

"पेंटर, माझी एक चूक झालीय."

"कागदात?"

"नाही. तुम्हाला बाजू दाखवली ना, त्यात."

मग सगळं सांगितलं. भिंत, डावा हात, मुकादम, मक्का. त्यांनी कपातला चहा संपवला. डोंगराकडे एकदा बघितलं आणि गोदामाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. मी मागे. तिथे खाडी होती, खाडीकाठची झुडपं, आणि पलीकडे मुंबईच्या बाजूची धुरांडी. सूर्य डोळ्यांवर येत होता.

"तरीच," ते म्हणाले.

"काय?"

"दोन वर्सं ये ये म्हनतोय, येत कशी नाय म्हनलं."

"मला माफ करा, पेंटर."

"तुमी तरी काय करनार? नकाशाच भलत्या भिंतीला टांगलेला." त्यांना राग आलेला दिसत नव्हता. त्यांना काळजी लागली होती ती वेगळीच. "आता सगळं पहिल्यापासून सांगाय लागंल. दोन वर्सांचं."

आणि त्यांनी तिथेच सुरुवात केली. खाडीकडे तोंड, आवाज हळू. तुला सोडून आलो त्या दिशी तुझी आई जेवली नाय. मी तिथे थांबणं बरं नव्हतं, म्हणून वळलो. दहा पावलं गेलो असेन, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"सायेब, मग त्या डोंगराच्या पलीकडं काय हाय?"

चार-पाच वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी त्यांना खरं उत्तर दिलं.

"माहीत नाही, पेंटर. पुढे कुठेतरी ब्रह्मदेश असेल, चीन असेल. खरंच माहीत नाही मला."

"मानसं असतील ना?"

"असतीलच."

त्यांनी मान वळवून डोंगराच्या बाजूला बघितलं.

"मग तिकडं पन कुनाची तरी पोर लांब गेलेली असंल," ते म्हणाले. "ती आली असंल घरी."